गाडी झाली की बोलू

परवा सकाळी दार उघडलं तर पायरीवर खजुराचा डबा. अर्धे पिवळे, अर्धे तपकिरी, टोकाकडून नुकते मऊ पडायला लागलेले. अबू सैफच्या घरून दरवर्षी येतो. तो आमचा जुना घरमालक. त्याचं घर सोडून आम्ही दोन गल्ल्या पलीकडे राहायला आलो त्यालाही बरीच वर्षं झाली, पण डबा काही चुकत नाही. इथे आखातात, आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीत, खजूर पिकायला लागले की चष्मा लावून घराबाहेर पाऊल टाकायची सोय उरत नाही. काचा धुरकटतात, अंगाला शर्ट चिकटतो, आणि एसीचं पाणी भिंतीवरून ओघळत राहतं. ही दमट हवाच खजूर पिकवते म्हणतात. पिकवत असेल. मला मात्र ती हवा आली की नाकात पहिला वास येतो तो थिनरचा, मग ओल्या गंजाचा, आणि सगळ्यात शेवटी खजुराचा.

असाच एक मोसम होता. मंदी आली आली म्हणता म्हणता खरंच आली, त्याच्या पुढच्या वर्षीचा.

सुहास, माझा नवरा, एसीतला माणूस. उंचच उंच इमारती गार ठेवायच्या कशा, याची गणितं करणारा. आमचं गाव इकडे येण्याआधी पुणे, त्याचं मूळ गाव कोल्हापूर. त्या उन्हाळ्यात त्याच्या कंपनीच्या निम्म्या इमारती जिथल्या तिथे थांबल्या. क्रेन तशाच, सळया आकाशाकडे तोंड करून तशाच. एक दिवस तो दुपारीच घरी आला, बूट काढले, आणि म्हणाला, "खलास." एवढंच. नोटीस चालेल रमजान संपेपर्यंत, मग व्हिसा कॅन्सल, आणि त्यानंतर देश सोडायला महिनाभराची मुदत.

तेव्हा आम्ही अबू सैफच्या व्हिलाच्या मागच्या भागात राहायचो. मध्ये अंगण, अंगणात खजुराचं झाड, आणि झाडाखाली ताडपत्रीत गुंडाळलेली एक गाडी. अबू सैफच्या वारलेल्या वडिलांची. लांब नाकाची, गोल दिव्यांची, बदामी रंगाची. म्हणजे एके काळी बदामी. आता तिच्यावर गंजाचे नकाशे उमटले होते, सीटमधून काथ्या बाहेर आला होता, आणि एसी तर तिला जन्मापासूनच नव्हता. अबू सैफ वर्षातून एकदा तरी म्हणायचा, "इंजिनिअर, कभी देखो ना. मेरा बाबा का गाडी है." सुहास म्हणायचा, "इन्शाल्ला." इथे राहून आम्हीही तो शब्द इथल्यासारखाच वापरायला शिकलो होतो, म्हणजे नाही म्हणायचं नसेल तेव्हा.

ज्या दिवशी तो "खलास" म्हणाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले तेव्हा अंगणात ताडपत्री घडी करून ठेवलेली होती आणि माझा नवरा गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत गडप झाला होता.

लोक तेव्हा गाड्या टाकून चालले होते. विमानतळाच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या गोष्टी रोज कानावर यायच्या. आणि आमच्या घरी एक माणूस दुसऱ्याची गाडी नव्याने उभी करत होता. मला आधी हसूच आलं. मग राग आला. राग टिकला.

मी इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते. तेव्हाही शिकवत होते, पण व्हिसा मात्र नवऱ्याचा. म्हणजे त्याचा गेला की माझा, आणि आमच्या ईराचाही. ईरा तेव्हा दहावीत होती. बोर्डाची नोंदणी नववीतच झालेली. मधूनच उठून पुण्याच्या शाळेत टाकणं म्हणजे तिचं वर्ष पाण्यात. मी हात जोडत आमच्या एचआरच्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मॅडम, टेन्शन कशाला? तुम्ही टीचर आहात. स्कूल तुमचा व्हिसा काढेल, आणि तुम्ही डॉटरला स्पॉन्सर करा. हसबंडलाही करता येतं."

मी उड्या मारत घरी आले. जेवताना सांगितलं. ईरा म्हणाली, "सो वी आर स्टेइंग? ऑल थ्री?" सुहासने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला.

"तू आणि ईरा राहा," तो म्हणाला. "मी कोल्हापूरला जातो. दादाला फोन केलाय."

"का? तुझाही होतोय की व्हिसा."

"तुझ्या नावावर?"

"मग कुणाच्या? शेजाऱ्याच्या?"

त्याने ताट उचललं. मोरीकडे जाता जाता म्हणाला, "गाडी झाली की बोलू."

तेवढं एक वाक्य टाकून तो पुन्हा अंगणात गेला. माझ्या त्या अख्ख्या मोसमाला ते वाक्य पुरलं. प्रश्न एवढाच होता, सुहास थांबणार की एकटाच जाणार. आणि उत्तर त्या गंजक्या पत्र्याखाली होतं.

इथे आपण सगळे कुणाच्या तरी नावावर राहतो. पासपोर्टात व्हिसाची एक चिकटपट्टी असते, तिच्यावर एक नाव असतं, आणि ते नाव आहे तोवर भाड्याचं घर आपलं, दूधवाला आपला, खिडकीतली तुळस आपली. मी लग्न करून आले त्या दिवसापासून सुहासच्या नावावर होते. बँकेत गेले की विचारायचे, हसबंडची एनओसी आणली का? आणायचे. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. वाटतो का, असंही कुणी विचारलं नाही. आणि आता त्याला काही महिने माझ्या नावाखाली राहायचं होतं, तर जणू कुणी त्याचे कपडे उतरवत होतं. त्याच्या पट्टीवर छापणार होते, काम करण्यास परवानगी नाही. तो म्हणायचा, "माझा त्याला विरोध आहे." मला माहीत होतं, विरोध त्या ओळीला नव्हता, वरच्या नावाला होता. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, आणि हा तर कोल्हापूरचा पीळ.

पण काम बघावं तर असं, की राग धरायला जागा राहू नये. इंजिन गंजून धरलेलं होतं. त्याने प्लग काढून आत तेल ओतलं आणि रोज सकाळी हाताने, अगदी हलक्याने, ते फिरतंय का बघायचा. जोर लावायचा नाही. मी चहा घेऊन जायचे तर म्हणायचा, "सोडतंय हळूहळू." माझा मिसळणाचा डबा एके दिवशी गायब झाला; सापडला तेव्हा जिऱ्याच्या वाटीत वॉशर, मोहरीच्या वाटीत बारके स्क्रू आणि हळदीच्या वाटीत कार्बोरेटरचे पितळी तुकडे. मी कडाडले. तो शांतपणे म्हणाला, "झाकण घट्ट आहे गं त्याचं." घरात आमच्यात तेवढंच बोलणं उरलं होतं, डब्यांचं आणि झाकणांचं.

अबू सैफला गाडी नुसती चालायला हवी होती. सुहासच्या डोक्यात वेगळंच. "एसीशिवाय ह्या देशात गाडी म्हणजे भट्टी," तो म्हणाला. "म्हातारी कशी बसेल?" अबू सैफची आई नव्वदीला आली होती. मग तो मुसाफ्फाच्या औद्योगिक वस्तीतल्या भंगारात जाऊन एका मोडक्या गाडीतला कॉम्प्रेसर घेऊन आला. तो इंजिनावर बसवायला ब्रॅकेट हवी, तिचं ड्रॉइंग त्याने जेवणाच्या टेबलावर काढलं, इमारतींची काढायचा त्याच काळजीने, त्याच पेन्सिलने. रेडिएटर मोठा घातला, पुढे विजेचा पंखा. डॅशबोर्डखाली गार हवेची पेटी बसवताना तो सीटवर उलटा झोपायचा, पाय दाराबाहेर. चाळीस मजल्यांना थंडावा पुरवणारा माणूस आता एका माणसापुरत्या जागेत गारवा कसा मावेल ते बघत होता. अंगणात पारा शेहेचाळीसवर. ईरा खिडकीतून ओरडायची, "बाबा, ड्रिंक वॉटर! प्लीज! यू विल फेंट!"

आणि मी? मी गाडीचं उरलेलं काम मोजत होते. ब्रेक झाले की एक काम कमी. दिव्यांची वायरिंग झाली की आणखी एक. ज्या दिवशी इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि एकदाचं सुरू झालं, त्या दिवशी अबू सैफ दोन्ही हात वर करून "माशाल्ला, माशाल्ला" करत अंगणभर फिरला, ईरा टाळ्या वाजवत धावली, आणि मी गॅसजवळ उभी राहून रडले. आनंदाने नव्हे. एक एक नट आवळला जात होता आणि माझा नवरा एक एक नट लांब जात होता. आपल्या माणसाचं काम बिघडावं असं मनात येणं फार वाईट. माझ्या यायचं.

दर गुरुवारी कुणाकडे तरी जेवण असायचं. तोंडावर म्हणायचे, सहज बोलावलं. पण हॉलमध्ये पाऊल टाकलं की कोपऱ्यात खोके दिसायचे आणि कळायचं, हे निघाले. निघताना प्रत्येक घर काहीतरी हातात द्यायचं. त्या मोसमात माझ्या स्वयंपाकघरात तीन इडलीपात्रं झाली, कढीपत्त्याच्या दोन कुंड्या आल्या, आणि गणपतीचं एक थर्माकोलचं मखर, जे मी आजही टाकलेलं नाही. बायका आतल्या खोलीत माझा हात धरून विचारायच्या, "तुमचं काय ठरलं?" मी म्हणायचे, "गाडी झाली की बोलणार आहोत." त्यांना वाटायचं आम्ही गाडी विकतोय.

गणपती त्या वर्षी रमजानमध्येच आले. संध्याकाळी मशिदीतून बांग झाली की अबू सैफच्या घरून घोटलेल्या गव्हाच्या हरीसचं भांडं यायचं, आमच्याकडून मोदकांचं ताट जायचं. दोन्ही भांडी गाडीच्या टपावर एकमेकांना भेटायची. ईद झाली, आणि सुहासचा व्हिसा कॅन्सल झाला. माझा शाळेचा व्हिसा झाला, ईराचा माझ्या नावावर झाला. त्याचा पासपोर्ट कपाटातच. त्यावर त्याने विमानाच्या तिकिटाचा कागद ठेवून दिला होता, मला दिसेल असा. दसऱ्यानंतरचं तिकीट. मी तो कागद रोज बघायचे आणि कपाट लावून टाकायचे.

मग रंग. त्याने अंगणात प्लॅस्टिकचा तंबू उभारला, धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी मारलं, आणि तोंडाला फडकं बांधून बदामी रंगाचे हात देत गेला. पिकलेले खजूर वरून टपटप तंबूवर पडत होते. शेवटचा हात दिल्यावर त्याने आम्हा सगळ्यांना उभं करून दम दिला. "कच्चा आहे. आठवडाभर कुणी बोट लावायचं नाही. बोट काय, जोरात श्वास पण घ्यायचा नाही." अबू सैफलाही तेच. मोठा माणूस, पण बिचारा हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरायचा.

रंगाच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आली.

ज्यांनी कोल्हापूरचं उद्यमनगर खंडेनवमीला पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. माझ्या सासऱ्यांचं तिथे लेथचं वर्कशॉप होतं, शालिनी इंजिनिअरिंग वर्क्स. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात मी ते पाहिलं. एरवी कानठळ्या बसवणारी गल्ली त्या दिवशी चिडीचूप. सगळी यंत्रं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना ऊस. सासरे ओल्या हळदीत पाच बोटं बुडवून प्रत्येक यंत्राच्या कपाळावर उमटवत जायचे, मग कुंकू. त्यांच्या मागून सुहास, हातात वाटी घेऊन. पाच वर्षांचा असल्यापासून.

इथे आल्यावर पूजा घरातल्या घरात व्हायची, लॅपटॉपची आणि ड्रिल मशीनची. त्या सकाळी मात्र त्याने अंगणात पाट मांडला. लोखंडी पाने, ड्रिल, रंगाची गन, माझा मिसळणाचा डबासुद्धा. मी झेंडू आणले होते. तो पहिल्यांदाच त्या मोसमात नीट आंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून बसला होता. पान्यांना हळद लावली, ड्रिलला लावली, गनला लावली, उठला, आणि उठता उठता त्याचा हात वाटीत गेला, पाचही बोटं बुडाली आणि सरळ बॉनेटवर टेकली.

मी ओरडले तेव्हा उशीर झाला होता.

त्याने हात उचलला. कच्च्या रंगात पाच बोटं रुतलेली, आणि त्यात हळद. फडक्याने टिपायला गेला तर पिवळा फराटा आणखी पसरला. तो ज्या नजरेने आपल्या हाताकडे बघत होता, तशी नजर तो "खलास" म्हणाला तेव्हाही मी पाहिली नव्हती.

नेमका तेव्हाच अबू सैफ आला. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्याच्या बाह्या सावरत, आईला हाताशी धरून. म्हातारीला रंगवलेली गाडी बघायची होती. दोघं बॉनेटपाशी थांबले. वडिलांची गाडी, आणि तिच्यावर दुसऱ्याच देवाची बोटं. घरमालकाने हाकलून दिलं असतं तरी तोंड उघडायला जागा नव्हती.

"ये क्या है?" अबू सैफने विचारलं.

सुहास म्हणाला, "गलती हो गया, अरबाब. आज हमारा औजार का पूजा है. मेरा बाबा हर मशीन पे हाथ लगाता था. मेरा हाथ... अपने आप गया."

अबू सैफने आईच्या कानाशी वाकून अरबीत काहीतरी सांगितलं. म्हातारी बुरख्याआडून बोटांच्या ठशांकडे बघत राहिली, मग हळू आवाजात लांबलचक काही बोलली. अबू सैफ हसला.

"अम्मा बोलता है, बाबा ये गाडी लाया ना, उस दिन अम्मा ने चारों दरवाजा खोलके ऊद का धुवाँ किया था. बाबा गुस्सा हो गया, सीट पे दाग पड़ गया." त्याने सुहासच्या खांद्यावर हात ठेवला. "माफी मुश्किला, हबीबी, कुछ प्रॉब्लेम नहीं. रहने दो ऐसा."

सुटलो, असं मला वाटलं. लगेच दुसरं वाटलं. म्हणजे गाडी झाली.

सुहासने वाटी खाली ठेवली. बॉनेटवर वाकून ठशांच्या कडा तिरक्या उजेडात बघितल्या. कामाकडे बघतो तसं.

"नहीं अरबाब," तो म्हणाला. "ऐसा नहीं दूँगा. पूरा घिसना पड़ेगा, फिर से प्रायमर, फिर से रंग. टाइम लगेगा."

"तुम्हारा तो टिकट है," अबू सैफ म्हणाला.

"रहने दो टिकट. मैं इधर ही है."

माझ्याकडे न बघता म्हणाला. पण अबू सैफला सांगायचं असतं तर त्याने इतक्या मोठ्याने सांगितलं नसतं. मी पाटावरचे झेंडू नीट करत बसले, कारण उठून उभी राहिले असते तर काय केलं असतं माझा भरवसा नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरला गेलो. काचेपलीकडचा मल्याळी पोरगा न बघता विचारत होता, "स्पॉन्सर?" सुहासने माझ्याकडे बोट केलं. "मॅडम." पोऱ्याने मान वर केली, आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "और आप?" "इनका हसबंड," सुहास म्हणाला. अगदी सरळ. नखांत प्रायमर होता. बाहेर पडल्यावर मला काहीतरी मोठं, साजेसं बोलायचं होतं, त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "चल लवकर, ऊन चढायच्या आत एक हात मारून घेतो."

पुढे त्याला नोकरी लागली, पण लगेच नाही. ईराची दहावी होऊन गेली, अकरावीही निम्मी झाली. सोपं नव्हतं ते सव्वा वर्ष. त्याला घरखर्चासाठी माझ्यापुढे हात करावा लागायचा आणि मी तोंडाने कधी धारदार व्हायचे. भांडलो, पुन्हा जेवलो. गुण गायला ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण एकाच घरात होतो.

गाडी शेवटी त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराला झाली. खजूर उतरवून झाले होते, हवा सुकली होती. एसीत गॅस भरायचा त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता. अबू सैफच्या आईला फिरवून आणल्यावर अबू सैफ म्हणाला, यल्ला, आता तुझी फॅमिली घेऊन जा. मी पुढे बसले, ईरा मागे. सुहासने काळं बटण फिरवलं. डॅशबोर्डखालून आधी गरम वाफ आली, मग कोमट, मग एकदम गार, अगदी गुडघ्यांवर. ईरा मागून किंचाळली, "ओ माय गॉड, इट वर्क्स!"

रस्त्याला लागलो. थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "झाली गाडी. बोल आता."

एक चौक गेला.

"वर्कशॉपचा बोर्ड आठवतो तुला?" तो म्हणाला.

"शालिनी इंजिनिअरिंग वर्क्स."

"शालिनी म्हणजे आई."

"ते मला माहीत आहे. सासूबाई आहेत त्या माझ्या."

"बाबांनी जन्मभर त्या नावाखाली काम केलं," तो म्हणाला. "मी रोज त्या बोर्डाखालून आत जायचो. वाचला नाही गं कधी."

गारवा नीट लागावा म्हणून त्याने माझ्या बाजूची जाळी माझ्याकडे वळवली.